टाइपरायटर, आठ महिन्यांनंतर: तक्रार फक्त ‘ह’ची

गेल्या मंगळवारी दोरी तुटली, म्हणून हे लिहायला बसलो. कॅरेज ओढणारी, स्प्रिंगच्या डबीला गुंडाळलेली ती दोरी. ती गेली की बटणं चालतात, पण कॅरेज हलत नाही आणि सगळी अक्षरं एकाच जागी एकमेकांच्या डोक्यावर पडतात. इथे इंदुरात एम. जी. रोडवरच्या एका दुकानदाराने मशीन न उघडताच सांगून टाकलं, "स्प्रिंग गई अंकल, बारह सौ लगेंगे." अहो, अख्खं मशीन मी ३,२०० ला घेतलंय! ते धूड उचलून परत रिक्षात घातलं. कोर्टाजवळ बसणाऱ्या म्हाताऱ्या मिस्त्रीने मासे धरायची नायलॉनची दोरी बांधून दिली. दोरीचे १०, मजुरीचे १५०. स्प्रिंग ठणठणीत होती.

नवीन घ्या म्हणाल, तर ते आता मिळणार कुठे? गोदरेजने १९५५ पासून टाइपरायटर बनवले आणि २००९ मध्ये थांबवले. मिळेल ते कुणाच्या तरी बोटांखालून गेलेलं. माझं (कंपनी कुठली ते जाऊ द्या) एका अर्ज टाइप करणाऱ्याचं, देवनागरी रेमिंग्टन कीबोर्डचं, म्हणजे अक्षरांच्या त्या मांडणीचं.

आता मुख्य तक्रार. ह.

या मशीनवर ह आणि ळ एकाच खिळ्यावर (कागदावर आपटणाऱ्या दांडीवर) आहेत. ळ शिफ्ट दाबून येतो. आधीच्या मालकाने जन्मभर हिंदी अर्ज बडवले. प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘है’, नाहीतर ‘हैं’, नाहीतर ‘हूँ’. ह बिचारा झिजून गेलाय, खालची गाठ उमटतच नाही. आणि ळ? कोरा करकरीत, आत्ता पेटीतून काढल्यासारखा. इंदुरात त्याला हात लावणार कोण, आपल्याशिवाय? टूथब्रश आणि घासलेटने तीनदा घासलं, रिबन बदलली, तरी ‘आहे’चा ‘आ े’च. नाशिकच्या ताईला पहिलं पत्र टाकलं, तर तिचा फोन: "‘मी बरा आ’ म्हणजे काय रे? ॲडमिट वगैरे केलंय का तुला?" त्याच पत्रात ‘काळजी करू नकोस’मधला ळ मात्र असा ठसठशीत, की काळजी वाटलीच पाहिजे.

दुसऱ्या महिन्यात विकायला काढलं होतं. भंगारवाला किलोवर घ्यायला निघाला, म्हणून राहिलं.

मग वेलांटीची गंमत कळली. इथे ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी मारायची आणि दीर्घ नंतर. म्हणजे ‘पाणी’ लिहिताना ण मारायच्या आधीच मनाशी ठरलेलं हवं. त्यातून ण पुरता येतही नाही. आधी अर्धा ण, मग काना, मग वेलांटी. मोबाईलवर मी कसंबसं ‘पाणि’ लिहायचो, तो खाली तीन पर्याय दाखवायचा, मी एकावर बोट ठेवायचो. चाळीस वर्षं बँकेत मराठी पत्रं लिहिली, पण आपल्याला ऱ्हस्व-दीर्घ येत नाही हे मला त्या बटणाने सांगितलं. आता वाक्य आधी तोंडात घोळवतो. लिहिता लिहिता मोबाईलवर स्कोअर बघायला जाणं बंद झालं, कारण इथे स्कोअर नाहीच. ताईची पत्रं दोन-दोन पानी व्हायला लागली.

बाकी किरकोळ. रोलरचं रबर दगड झालंय, म्हणून कागदामागे एक जादा कागद लावायचा. मशीनखाली जुना टॉवेल घालायचा, नाहीतर खालच्या मजल्यावरून "भिया, रात को क्या कूट रहे हो?" ऐकावं लागतं. तेल अगदी थेंबभर, तेही खिळ्यांच्या सांध्यात अजिबात नाही. धूळ धरून चिकटा होतो.

तर दोरी बांधता बांधता मिस्त्रीने डब्यातून दुसऱ्या एका मोडीत निघालेल्या मशीनचा ह-ळ काढून दाखवला. १५० मध्ये डाग देऊन (सोल्डर करून) बसवतो म्हणाला. घासाघीस करून १२० ला बसवला. घरी येऊन पहिलाच शब्द मारला, ‘आहे’. काळाभोर! फक्त ओळीपेक्षा अर्धा तांदूळ वर. प्रत्येक ‘आहे’ मध्येच उडी मारतं, आणि आता ळही त्याच्याबरोबर उडतो.

सोमवारी परत नेणार. मिस्त्री फुकटात करून देईल, पण रिक्षाचे जाऊन-येऊन १२० आहेतच.