एडिसन की फ्रिस्को: रेटिंगच्या आधी पैसा कुठून येतो ते बघा

गेल्या महिन्यात भाचीचा फोन आला. जावईबापूंच्या हातात दोन ऑफर्स, एक न्यू जर्सीत एडिसनजवळ, दुसरी टेक्सासमध्ये डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्कोत. थोरली दुसरीत, धाकटा चार वर्षांचा. "मामा, शाळांचं रेटिंग दोन्हीकडे उत्तमच आहे. मग घर मोठं मिळेल तिकडेच जाऊ ना?"

रेटिंग आजचं असतं. मुलगी बारावीला पोचेपर्यंत दहा वर्षं जातील, आणि त्या दहा वर्षांत शाळेचं काय होईल हे ठरतं डिस्ट्रिक्टला पैसा कसा मिळतो आणि तो कोण चालवतो यावर. तिच्याशी जे बोललो तेच इथे सविस्तर लिहितो, कारण हाच प्रश्न अनेक घरांत चाललेला मी बघतो.

आधी एक फरक समजून घ्या. आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या गुरुजींचा पगार राज्य सरकार देतं आणि शिक्षणाधिकारी बदलीवर येतो-जातो. अमेरिकेतली स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे एखाद्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था, ही जवळजवळ स्वायत्त असते. गावकरी बोर्ड निवडतात, बोर्ड करारावर सुपरिंटेंडेंट, म्हणजे डिस्ट्रिक्टचा मुख्य अधिकारी, नेमतं आणि खर्चाचा मोठा भाग गावातल्या घरांच्या प्रॉपर्टी टॅक्समधून येतो. गरीब गावाचं काय, हा प्रश्न तिथूनच निघतो. शिक्षण हा संघराज्याच्या घटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही, असं १९७३ मध्ये टेक्सासच्याच सान अँटोनिओच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं. मग हा लढा एकेका राज्याच्या न्यायालयात गेला, आणि या दोन राज्यांनी त्याची अगदी वेगळी उत्तरं काढली.

न्यू जर्सीत 'ॲबट विरुद्ध बर्क' या खटल्याचे निकाल १९८५ पासून येत राहिले. श्रीमंत उपनगरांत मुलामागे जेवढा खर्च होतो तेवढा गरीब शहरांतही झाला पाहिजे, आणि तो भार राज्याने उचलावा, असं न्यायालयाने बजावलं. अशा डिस्ट्रिक्टची संख्या पुढे ३१ झाली. २००८ मध्ये सगळ्या राज्यासाठी शाळांची मदत ठरवणारं एक सूत्र आलं. मुलामागच्या खर्चात हे राज्य देशात वरच्या काही राज्यांत असतं. त्याची किंमत घरमालक मोजतो. सरासरी प्रॉपर्टी टॅक्स वर्षाला १०,००० डॉलरच्या वर गेलाय, त्यातला निम्म्याहून थोडा जास्त शाळांना जातो, आणि राज्याचा इन्कम टॅक्स वेगळाच.

इथेही धक्के बसतातच. ज्यांना सूत्रापेक्षा जास्त मदत मिळत होती त्यांची कापून कमी मिळणाऱ्यांना द्यायची, असा सात वर्षांचा कायदा २०१८ मध्ये आला. टॉम्स रिव्हरसारख्या डिस्ट्रिक्टना त्याचा जबर फटका बसला, कारण २०१० च्या कायद्याने स्थानिक करवाढीला साधारण २ टक्क्यांची मर्यादा घातलेली आहे. मदत कमी झाली की सहजासहजी भरपाई करता येत नाही, आणि मग शिक्षक कमी होतात. म्हणून गाव निवडताना त्या डिस्ट्रिक्टची राज्याकडून येणारी मदत गेल्या पाच वर्षांत वाढली की घटली, एवढं तरी बघाच.

टेक्सासमध्ये १९९३ पासून 'रॉबिन हूड' नावाने ओळखली जाणारी पद्धत आहे. मालमत्तेने श्रीमंत असलेल्या डिस्ट्रिक्टकडून राज्य गरीब डिस्ट्रिक्टसाठी पैसे परत घेतं. प्लेनोसारखं सुखवस्तू उपनगर वर्षानुवर्षं हे पैसे भरत आलंय. तत्त्व मला पटतं. अडचण आहे ती मूळ रकमेची. मुलामागे मिळणारा पायाभूत आकडा २०१९ मध्ये ६,१६० डॉलर ठरला आणि महागाई एवढी वाढूनही २०२५ पर्यंत तिथेच राहिला. २०२५ मध्ये शिक्षकांच्या पगारवाढीसाठी मोठी तरतूद झाली, पण हा आकडा फक्त ५५ डॉलरनी वाढला. त्याच अधिवेशनात खाजगी शाळांत जाणाऱ्या मुलांसाठी १ अब्ज डॉलरची योजनाही मंजूर झाली.

याचा परिणाम चांगल्या म्हणवणाऱ्या उपनगरांतही दिसतो. प्लेनोच्या बोर्डाने २०२४ मध्ये चार शाळा बंद करण्याचा निर्णय घेतला. त्याच वर्षी फ्रिस्कोच्या मतदारांनी शाळांसाठी करवाढीचा प्रस्ताव फेटाळला. बघायला गेलात की झगमगीत इमारती आणि प्रचंड स्टेडियम दिसतील. पण इमारतींचा पैसा रोख्यांतून येतो, त्याचा खिसा वेगळा, त्यातून शिक्षकाचा पगार देता येत नाही. स्टेडियम बघून शाळा निवडू नका, हे मी भाचीला तीनदा सांगितलं.

आता एक बाब जी आपल्या लोकांना नेमकी लागते. डिसेंबरात भारतात जायचं, लग्नकार्य उरकून संक्रांत करून यायचं, असा आपला बेत असतो. टेक्सासमध्ये डिस्ट्रिक्टचे पैसे रोजच्या सरासरी हजेरीवर ठरतात, त्यामुळे मुलाच्या प्रत्येक गैरहजर दिवसाची झळ शाळेला बसते. शिवाय ९० टक्के हजेरीचा नियम आहे. न्यू जर्सीत राज्याच्या मदतीसाठी १५ ऑक्टोबरची पटसंख्या धरतात. हजेरीकडे लक्ष तिथेही असतं, पण शाळेच्या पैशाचा हिशेब असा दिवसागणिक होत नाही.

धाकट्यासाठी मात्र टेक्सासमध्ये एक चांगली सोय आहे. इंग्रजी न येणाऱ्या चार वर्षांच्या मुलाला तिथे मोफत प्री-के, म्हणजे बालवाडी, मिळू शकतं. घरात फक्त मराठी बोलणाऱ्या आईबापांनी हे जरूर विचारावं.

राहिलं नेतृत्व. राज्याचा शिक्षण आयुक्त दोन्हीकडे गव्हर्नर नेमतो आणि डिस्ट्रिक्ट ताब्यात घ्यायचा अधिकार दोन्ही राज्यांना आहे. न्यू जर्सीने नेवार्क १९९५ मध्ये घेतलं ते २०१८ मध्ये परत दिलं. टेक्सासने २०२३ मध्ये ह्यूस्टनचं निवडून आलेलं बोर्ड बाजूला सारून स्वतःचे व्यवस्थापक आणि सुपरिंटेंडेंट बसवले, आणि २०२५ मध्ये फोर्ट वर्थबाबतही तेच जाहीर केलं. तिथल्या कायद्यानुसार एकच शाळा राज्याच्या मूल्यमापनात सलग पाच वर्षं नापास झाली तरी हे होऊ शकतं. फ्रिस्कोवर ही वेळ यायची शक्यता मला दिसत नाही.

उपनगरात सुपरिंटेंडेंट टिकतो का, हे जास्त महत्त्वाचं. न्यू जर्सीने २०११ मध्ये त्यांच्या पगाराला मर्यादा घातली, तेव्हा अनुभवी माणसं शेजारच्या राज्यांत जाऊ लागली. २०१९ मध्ये ती मर्यादा उठवावी लागली. गेल्या दहा वर्षांत किती जण आले-गेले ते डिस्ट्रिक्टच्या कार्यालयात विचारा. एच-वन व्हिसावर आपल्याला बोर्डासाठी मत देता येत नाही, पण बोर्डाच्या सभा खुल्या असतात आणि तिथे पालकाला बोलता येतं. एका सभेला ऑनलाइन तरी बसा.

भाचीला मी एडिसनकडचं म्हटलं. त्यांना दहा वर्षं एका जागी राहायचंय, थोरलीला वाचनात जास्तीची मदत लागते, आणि अशी मदत देणारे शिक्षक पैसे आटले की बऱ्याचदा आधी कमी होतात. तीन-चार वर्षांत परतायचं असतं, तर फ्रिस्कोचं मोठं घर आणि धाकट्याचं प्री-के बघून मी तिकडचं सांगितलं असतं. जावईबापू अजून टॅक्सचा हिशेब मांडतायत.