मॉडेल ए ट्यूडर की 1951ची शेवरले? घरच्या गॅरेजात हॉट रॉड करायचा तर कुठली सेडान घ्यावी

आधी टेप घ्या आणि गॅरेज मोजा. इंजिनाच्या गप्पा नंतर. फोर्डची मॉडेल ए ट्यूडर साधारण पावणेचौदा फूट लांब, 1951ची चार दारी शेवरले साडेसोळा. अमेरिकेतल्या नेहमीच्या दोन गाड्यांच्या गॅरेजात दोन्ही मावतात, पण मावणं वेगळं आणि तिथे काम करणं वेगळं. गाडी एकदा सुटी केली की तिप्पट जागा खाते. दारं, सीटा, बोनेट, मडगार्ड, डिकीचं झाकण, आणि वर ‘हे नक्की कुठलं?’ असा प्रश्न पडणारे बोल्टांचे डबे. मिशिगनमध्ये माझी शेवरले पाच हिवाळे अशी पसरून पडली होती. त्या पाचही हिवाळ्यांत बायकोची चालती गाडी बर्फात बाहेर उभी राहिली. घरात तो विषय अजून निघतो.

मागच्या महिन्यात एका मित्राने दोन जाहिराती दाखवून विचारलं, यातली कुठली घेऊ? एक 1930ची ट्यूडर, दुसरी 1951ची शेवरले. दोन्ही सेडान, दोन्ही बंद पडलेल्या. शेवरले माझ्या हातून पूर्ण झाली आहे, आणि शेजाऱ्याच्या मॉडेल एवर तीन वर्षं शनिवार-रविवार घालवले आहेत, त्यामुळे दोन्हींच्या खोड्या माहीत आहेत.

‘ट्यूडर’ ऐकून इंग्लंडचे राजे आठवले तर सोडून द्या. दोन दारांची म्हणून फोर्डने केलेली ती शाब्दिक कोटी आहे. चार दारांचीला त्यांनी ‘फोर्डॉर’ म्हटलं.

आणि हॉट रॉड म्हणजे जुनी गाडी घासूनपुसून कारखान्यातून निघाली तशी करणं नव्हे. सांगाडा जुना, पण इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक आपल्या मर्जीचे. हे वेड दक्षिण कॅलिफोर्नियातल्या म्युरॉकसारख्या कोरड्या तलावांवर वाढलं. तिथल्या शर्यतींची वेळ मोजणारी सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन 1937 साली स्थापन झाली. त्या पोरांना हव्या असत उघड्या, हलक्या रोडस्टर. सेडान ही घरातल्या मोठ्या माणसांची गाडी. म्हणूनच आजही तुमच्या-माझ्या खिशाला परवडेल असं काही मिळालं तर ते बहुधा सेडानच असतं.

पत्रा बघून ठरवा

नवखा माणूस आधी बोनेट उघडतो. इंजिन जाम आहे म्हटलं की नाक मुरडतो. अहो, ते इंजिन तुम्ही तसंही काढणार आहात! पैसा आणि वर्षं खाणारी गोष्ट पत्रा आहे.

तिसरा एक मोह इथेच कापून टाकतो. 1930 ते 1934मधल्या शेवरले सेडान दिसायला देखण्या आणि पुष्कळदा स्वस्त मिळतात. स्वस्त का, ते दार उघडून खाली झुकलं की कळतं. शेवरले बनवणाऱ्या जनरल मोटर्सच्या फिशर नावाच्या बॉड्यांमध्ये त्या काळी पत्र्याच्या आत लाकडी सांगाडा असे. नव्वद वर्षांत ते लाकूड भुसा होतं आणि दार बिजागरीसकट हातात येतं. घरी हॉट रॉड करायचा म्हणजे आधी सुतारकाम शिकायचं. त्या वाटेला जाऊ नका.

मॉडेल एची बॉडी बरीचशी पोलादी आहे. छताचा मधला भाग मात्र कापडी, खाली लाकडी पट्ट्या. तेवढं लाकूड कुणीही बदलू शकतो. मोठी सोय ही की जवळजवळ 48 लाख मॉडेल ए बनल्या आणि आजही त्यांचे सुटे भाग नव्याने बनतात. फरशीचा पत्रा, दारांचे खालचे भाग, मडगार्ड, सगळं खोक्यात घरपोच येतं. ओहायोतल्या ब्रुकव्हिल गावात तर मॉडेल एची रोडस्टर बॉडीच नवी कोरी पोलादी बनवून मिळते. पत्रा सपाट, वळणं सोपी, काचा सपाट. गल्लीतला काचवाला लॅमिनेटेड काच कापून देतो. छप्पर चार इंच खाली आणायची हौस असेल, म्हणजे ज्याला ‘चॉप’ म्हणतात ते, तर खांब बऱ्यापैकी सरळ असल्यामुळे ते घरी जमण्यासारखं आहे.

1951च्या शेवरलेची बॉडी संपूर्ण पोलादी, छपरासकट. पण सगळीकडे गोलाई. पुढची काच दोन तुकड्यांची आणि वाकवलेली, मागचीही वळणदार. हिचं छप्पर उतरवायला घेतलं तर काचेपाशी अडकाल. सांगून ठेवतो, या गाडीचं छप्पर आहे तिथेच राहू द्या. गंज लागतो तो पायाखालच्या पत्र्याला, दाराखालच्या पट्टीला आणि डिकीच्या तळाला. हे भाग नवे मिळतात. चार दारी गाडीच्या मागच्या दाराचे भाग मात्र सहज मिळत नाहीत, त्यामुळे मागची दारं धड असलेलीच गाडी घ्या.

पत्र्याच्या कामात मी एकदा चांगला तोंडावर आपटलो. मागच्या मडगार्डच्या वर नवा तुकडा जोडत होतो. कडा जुळल्या, चिमटे लागले, आणि हुरूप आला म्हणून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग वेल्डिंग ओढलं. दिसायला सुरेख रेघ. गार झाल्यावर तळहात ठेवला तर पत्रा ‘टॉक’ करून आत, सोडला की ‘टॉक’ करून बाहेर, तेलाच्या जुन्या डब्याचा तळ वाजतो तसा. सलग उष्णतेने पत्र्याचा आकार बिघडला होता. तो तुकडा कापून पुन्हा सुरुवात केली. दुसऱ्या वेळी एक ठिपका इथे, पुढचा वीतभर लांब, मध्ये हात लावता येईल इतकं गार होऊ द्यायचं, मग उरलेल्या जागा. एका फुटाच्या जोडाला अख्खी दुपार. मॉडेल एच्या सपाट पत्र्यावर असला झोल लांबून दिसतो. शेवरलेची गोलाई पत्र्याला जरा ताठ ठेवते आणि पातळ पुट्टीत थोडंफार निभावून जातं.

इंजिन

मॉडेल एचं मूळ इंजिन 3.3 लिटरचं, चार सिलिंडर, 40 अश्वशक्ती. तिच्यात लोक बहुधा व्ही-8, म्हणजे व्ही आकारात मांडलेल्या आठ सिलिंडरांचं इंजिन बसवतात, आणि सर्वांत सहज मिळणारं व्ही-8 म्हणजे शेवरलेचं 5.7 लिटरचं ‘स्मॉल ब्लॉक’, 1955 साली आलेल्या घराण्यातलं. फोर्डमध्ये शेवरलेचं इंजिन म्हटलं की काही जणांच्या कपाळाला आठ्या पडतात, पडू द्या. खरी अडचण वेगळी आहे. या इंजिनाचा डिस्ट्रिब्युटर, म्हणजे सिलिंडरांना ठिणगी वाटून देणारा भाग, मागच्या बाजूला असतो, आणि मॉडेल एच्या बोनेटखाली जागा इतकी तोकडी की तो थेट फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीवर, आदळतो. मग फायरवॉल कापून आत खोबण करा, म्हणजे तेवढी पायांची जागा गेली. फोर्डच्याच 302 घन इंची व्ही-8 इंजिनाचा डिस्ट्रिब्युटर पुढे असतो. मला विचाराल तर ते बसवा, वादही मिटतो.

चेसीचंही तसंच. मॉडेल एची चेसी म्हणजे पातळ पोलादाची उघडी पन्हळ. 40 अश्वशक्तीसाठी ठीक. पाचपट ताकद घातली तर ती पिळवटते. तिला आतून पट्ट्या लावून पेटीसारखी बंद करावी लागते, आडवे दांडे नवे घालावे लागतात. बरेच जण सरळ 1932च्या फोर्डच्या धर्तीची नवी चेसी विकत घेऊन तिच्यावर मॉडेल एची बॉडी बसवतात. दिसतं झकास, पण खर्च तिथेच हातातून निसटायला लागतो.

पेट्रोलची टाकीही बघून घ्या. मॉडेल एमध्ये ती डॅशबोर्डच्या जागी, तुमच्या गुडघ्यांच्या वर असते. पंप नाही, पेट्रोल आपल्या वजनाने खाली कार्ब्युरेटरमध्ये उतरतं. 1930 साली हुशारी होती. आज ती टाकी मागे हलवा, यात चर्चा नको.

शेवरलेमध्ये मूळ इंजिन सरळ सहा सिलिंडरचं, साध्या गिअरच्या गाडीत 3.5 लिटरचं. बॅबिट या मऊ धातूच्या बेअरिंगांना तेल मुख्यतः उडवून पोचवणारं, हायवेवर जोरात पळवलं तर रुसणारं. व्ही-8 हिच्यातही बसतं. जागा भरपूर आहे, फक्त डाव्या बाजूचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनाचा धूर गोळा करणारी नळी, स्टिअरिंग बॉक्सशी भांडतो. मी व्ही-8 बसवलंच नाही. त्याच घराण्यातलं पुढचं, 1954 नंतरचं 3.9 लिटरचं सहा सिलिंडर घेतलं. त्यात तेल पंपाच्या दाबाने सगळीकडे पोचतं आणि थोड्या फेरफाराने ते जुन्याच्या जागी बसतं. दोन कार्ब्युरेटर, एक्झॉस्टचे दोन भाग, दोन सायलेन्सर. ‘सहाच का?’ असं विचारणाऱ्याला मी सांगतो की शेवरलेच्या 1953च्या पहिल्या कॉर्व्हेट स्पोर्ट्स कारमध्ये याच घराण्यातलं इंजिन होतं, तीन कार्ब्युरेटर आणि 150 अश्वशक्तीचं. शिवाय या सहाचा आवाज व्ही-8सारखा गुरगुरत नाही, तो फडफडतो. मला तोच आवडतो.

एक खर्च दोन्ही गाड्यांना चुकत नाही. दोन्हींत गिअरबॉक्सपासून मागच्या अ‍ॅक्सलपर्यंतचा शाफ्ट नळीत बंद आहे. आधुनिक गिअरबॉक्स घातला की मागचा अ‍ॅक्सलही बदलणं आलंच. शेवरलेला एस-10 पिकअपचा अ‍ॅक्सल लोक सर्रास लावतात, आणि तो भंगारवाल्याकडे मिळतो. सहा व्होल्टची वायरिंगही दोन्हींतली उपटून बारा व्होल्टची घाला.

ब्रेकवर काटकसर करू नका. मॉडेल एचे मूळ ब्रेक दांड्यांनी ओढले जाणारे, त्यात तेलच नाही. शेवरलेचे तेलाचे आहेत, पण पेडल दाबल्यावर तेलाला दाब देणारा मास्टर सिलिंडर एकच, तोही फरशीखाली. एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक गेले. दोन्ही गाड्यांना दुहेरी मास्टर सिलिंडर आणि निदान पुढे डिस्क.

कागद

इथे मॉडेल ए दगा देऊ शकते. तिचा गाडी क्रमांक म्हणजेच इंजिनाचा क्रमांक. तोच आकडा चेसीच्या डाव्या दांड्यावरही ठोकलेला असतो, पण बॉडीखाली झाकलेला. पन्नास-साठ वर्षांपूर्वी कुणी इंजिन बदललं असेल तर कागदावर एक आकडा, लोखंडावर दुसरा. तुम्ही नवी चेसी घातलीत तर तिसराच घोळ. शेवरलेची क्रमांकाची पट्टी डाव्या दाराच्या खांबावर असते, वाचायला बॉडी उचलावी लागत नाही. पैसे देण्याआधी आकडे जुळवा. ‘टायटल (मालकीचा कागद) हरवलंय, सहज मिळेल’ असं विकणारा म्हणाला तर त्यालाच आधी ते काढून आणू द्या. धुराच्या तपासणीची काळजी मात्र फारशी नाही. कॅलिफोर्नियासारख्या कडक राज्यातही 1975 पर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना ती माफ आहे.

पुण्या-नाशिकचे नातेवाईक फोटो बघून हमखास विचारतात, आपल्याकडे एखाद्या पद्मिनीचं असं करता येईल का? रस्त्यावर चालवायची असेल तर नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कारखान्याने दिलेल्या रचनेत फेरफार करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019मध्ये ते आणखी स्पष्ट केलं. 2021च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीला 20,000 रुपये भरून ‘व्हीए’ मालिकेचा विंटेज क्रमांक मिळतो, पण गाडी मूळ रूपात असेल तरच. तिथे मूळ रूप जपण्याचाच छंद करावा.

मग कुठली?

एकट्याने किंवा दोघांनी बसायचं, घरी वेल्डिंग आधी केलेलं आहे, बजेट वाढलं तरी चालेल आणि लोकांनी वळून बघावं अशी इच्छा आहे, तर ट्यूडर घ्या. हलकी आहे, भाग मिळतात, आणि पूर्ण झाल्यावर विकायला गेलात तर गिऱ्हाईक उभं असतं. मागे सीट आहे, पण ती पिशव्यांसाठी. सहा फुटी माणसाने पुढे बसण्याआधी बिनसीटच्या गाडीत पाटावर बसून स्टिअरिंग पोटाला लागतं का ते बघावं.

पहिलीच गाडी असेल आणि घरात पोरं असतील तर शेवरले. चार दारी गाडीला इथले जुने खोंड हेटाळणीने ‘मोर-डोअर’ म्हणतात, त्यामुळेच ती स्वस्त पडते. अर्थात विकताना तुम्हालाही कमीच मिळतील. पण तिचं काम टप्प्याटप्प्याने होतं. या वर्षी ब्रेक, पुढच्या वर्षी इंजिन, आणि मधल्या उन्हाळ्यात ती चालवता येते. मॉडेल ए एकदा उघडली की चेसीपासून छपरापर्यंत सगळं झाल्याशिवाय हलत नाही. अर्धवट राहून पुन्हा जाहिरातीत आलेल्या जितक्या गाड्या मी पाहिल्या, त्यांत मॉडेल एच जास्त होत्या. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉइटच्या वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर 1995पासून जुन्या गाड्यांची जी जत्रा भरते, तिथे आम्ही सहा जण एका शेवरलेत बसून जातो. डबा, थर्मास, सासूबाईंसकट.

मित्राला हे सगळं सांगितलं. तो येत्या शनिवारी दोन्ही गाड्या बघायला निघालाय, आणि माझ्याकडून पुट्टी शोधायला चुंबक, गंज टोचून बघायला स्क्रू ड्रायव्हर आणि गुडघ्याखाली घ्यायला जुनी चटई घेऊन गेलाय. मन ट्यूडरवरच आहे त्याचं, दिसतंय. गॅरेज अजून मोजलेलं नाही.