मॉड्यूल गेलाय म्हणून 1 लाख 42 हजार घेतले, बिघाड होता अर्थिंगच्या पट्टीत

लांबलंय जरा, पण ज्यांच्याकडं जुनी भारी गाडी आहे त्यांनी पूर्ण वाचा. खास करून बीड, जालना, परभणीकडच्या लोकांनी, कारण या गाड्यांचं काम आपल्या गावात कोणाला जमतच नाही असं आपण धरून चालतो आणि तिथंच घात होतो.

माझी 2011 ची जर्मन सेडान आहे, डिझेल, चार वर्षाखाली संभाजीनगरहून सेकंड हँड घेतलेली. 2010 ला औरंगाबादच्या लोकांनी मिळून एकदम 150 मर्सिडीज घेतल्या होत्या ते आठवत असेल, देशभर बातमी झालती. माझी त्यातली नाही, पण त्या काळातल्या असल्या गाड्या आता दुसऱ्या तिसऱ्या मालकाकडं फिरत आपल्याकडं आल्यात. गाडी साध्या गाडीच्या भावात मिळते, पार्ट मात्र मूळ किमतीच्या हिशोबानं येतो, आणि मालकाच्या मनात ही भीती कायम असते. माझ्या मनातही होती.

पोळ्याच्या सुमारास तीन आठवडे गाडी अंगणात उभी होती, पाऊस लागून होता. दादांना (माझे वडील) हार्टच्या तपासणीला संभाजीनगरला न्यायचं म्हणून सकाळी बटन दाबलं तर मीटरचे सगळे लाईट लागले, एकदा 'कट' आवाज आला आणि बस. सेल्फ घेईचना. हेडलाईट लावून परत दाबलं तर लाईट जराही मंद होईना. ही गोष्ट तेव्हाच मला कळायला पाहिजे होती. बॅटरी उतरली असेल तर सेल्फ मारताना लाईट बसतो. इथं लाईट भक्कम, म्हणजे बॅटरीत दम आहे, पण सेल्फपर्यंत करंट पोचत नाही.

त्या दिवशी दादांना भाड्याच्या गाडीनं नेलं आणि आपली गाडी टो करून गेवराई-पाचोडवरून संभाजीनगरच्या एका गॅरेजला टाकली, 7,500 टोइंगचेच गेले. गॅरेज चकाचक, एसी केबिन, भिंतीवर मोठी स्क्रीन. स्कॅनर लावला आणि लाल अक्षरात 38 एरर दाखवले. मालक म्हणला, "साहेब, इंजिनचा मॉड्यूल, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, गेलाय, बाकीचे मॉड्यूल त्याच्याशी बोलंनात, बघा किती एरर आलेत. नवीन घेतला तर साडेतीन लाख, मी तुम्हाला कुर्ल्याहून चांगला वापरलेला आणून कोडिंग करून देतो." दादांची पुढची तारीख बारा दिवसांवर होती, हे मीच त्याला बोलण्याच्या ओघात सांगून बसलेलो. त्यानं तेच धरलं, आज ऑर्डर दिली तरच तारखेला गाडी मिळेल म्हणला. मी हो म्हणलो.

1 लाख 42 हजार. त्यातले एक लाख यूपीआयनं दिले, बाकी रोख. बिल मागितलं तर वहीच्या कागदावर कच्चं. जुना पार्ट मागितला तोही पिशवीत घालून दिला, त्यामुळं माझा विश्वास अजून पक्का बसला. गाडी एकदम मस्त चालू झाली, दादांची तारीख पण झाली.

19 व्या दिवशी परत तोच 'कट' आवाज.

फोन केला तर म्हणतो आता दुसरा मॉड्यूल असेल, पाठवून द्या, साठेक हजार लागतील. त्या रात्री झोप लागली नाही मला. सकाळी मेहुण्यानं आमच्या गावातल्याच एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियन चाचांना घरी आणलं, ते ट्रॅक्टर न टेम्पोचं काम करतात, म्हणून मी आधी त्यांचा विचारच केला नव्हता. याचं मला फार वाईट वाटतं.

चाचांनी स्कॅनर काढलाच नाही. मल्टीमीटर काढला. डिक्कीतल्या बॅटरीवर 12.6 व्होल्ट, म्हणजे फुल चार्ज. मग लांब वायर जोडून एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंजिनच्या लोखंडाला, आणि मला बटन दाबायला लावलं. तिथं अर्ध्या व्होल्टच्या आत आकडा यायला पाहिजे, आला 4 च्या वर. म्हणजे एवढा व्होल्टेज इंजिनपासून बॅटरीकडं करंट परत जायच्या रस्त्यातच (यालाच अर्थ म्हणतात) मरत होता. मग जम्पर केबलनं इंजिन सरळ बॉडीला जोडलं आणि दाबा म्हणले. पहिल्याच झटक्यात गाडी चालू. "सेठ, गाडी कू कुच नै हुआ, अर्थ गया इसका," एवढंच बोलले.

गाडीखाली जाऊन त्यांनी इंजिन आणि चेसीच्या मधली अर्थिंगची पट्टी काढली. तांब्याची विणलेली असते ती, आतून हिरवी पडून भुगा झालेली. आणि जे बघून माझं डोकं सुन्न झालं ते असं की पट्टीचा एका टोकाचा बोल्ट ताज्या पान्याच्या खुणांनी चमकत होता, त्याला नवीन ग्रीस होतं. म्हणजे गॅरेजवाल्याला बिघाड सापडला होता. त्यानं बोल्ट घासून आवळला आणि पैसे मॉड्यूलचे घेतले. मग चाचांनी काचेखालचा डबा उघडला, इंजिनच्या मॉड्यूलच्या स्क्रूवर कित्येक वर्षांची धूळ जमून घट्ट झालेली, जाळं सुद्धा तसंच. पिशवीतला 'जुना पार्ट' लावून बघितला तर त्याचं कनेक्टरच माझ्या गाडीच्या वायरिंगला बसत नाही. दुसऱ्याच कुठल्या गाडीचा होता.

सातशेची पट्टी, पाचशे मजुरी. दोन महिने झाले, एकदाही त्रास नाही.

ते 38 एरर खोटे नव्हते, हे पण चाचांनी समजावलं. व्होल्टेज पडला की मॉड्यूल अर्धवट जागे होतात, एकमेकांचा सिग्नल चुकतो आणि प्रत्येकजण दुसऱ्याच्या नावानं एरर लिहून ठेवतो, महिन्यांपूर्वीचे पण पडून राहतात. म्हणून कोणी यादी दाखवली तर आधी सगळे एरर डिलीट करायला लावा, मग बटन दाबून परत वाचायला लावा, आणि त्याच्याही आधी बॅटरी, प्लस वायर न अर्थ तुमच्या डोळ्यासमोर मीटरवर मोजायला लावा. दहा मिनिटाचं काम आहे. नाही म्हणला तर गाडी उचलून आणा, टोइंग परत गेलं तरी जाऊ द्या. वापरलेला मॉड्यूल टाकायचाच असंल तर काढायच्या आधी त्याच्या स्टिकरचा फोटो स्वतः काढा.

मी आधी ग्राहक हेल्पलाईनच्या 1915 वर फोन केला, मग बीडच्याच जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दिली. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आपण राहतो तिथं देता येते, संभाजीनगरला चकरा माराव्या लागत नाहीत, 5 लाखापर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. रोखीच्या 42 हजाराचा पुरावा माझ्याकडं फक्त तो वहीचा कागद आहे, एक लाखाचा मात्र यूपीआयला पक्का आहे. चाचांनी मीटरचे आकडे त्यांच्या लेटरपॅडवर लिहून सही करून दिलेत, बोलवलं तर येतो म्हणलेत. पट्टी न तो पार्ट दोन्ही कपाटात ठेवलेत.

तुम्हाला पण कुठं असा मॉड्यूल बदलून दिला असंल तर परत मिळालेला जुना पार्ट आजच काढा, आणि त्याचं कनेक्टर तुमच्या गाडीला बसतंय का तेवढं बघा.