बिल्टीवर ५७ किलो लिहिलं होतं, मी भाडं वाचलं म्हणून खूश झालो

३९,८८२ रुपये. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण घरात सांगायला मला अकरा दिवस लागले. बावीस वर्षं फर्निचर करतोय. जळगाव-भुसावळ पट्ट्यात लोक ओळखीवर काम देतात. आणि मला गंडवलं कशात, तर ड्रॉवरच्या चॅनलमध्ये, म्हणजे ज्या पट्ट्यांवर ड्रॉवर सरकतो त्यात!

भुसावळला एका बंगल्याचं काम होतं. किचन आणि तीन खोल्यांची कपाटं मिळून ३४ ड्रॉवर, सगळे सॉफ्ट क्लोज, म्हणजे न आपटता अलगद बंद होणारे, आणि आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) वास्तुशांती. आमच्या नेहमीच्या दुकानात २० इंची सॉफ्ट क्लोज चॅनलचा जोड ६२० रुपयांना. मोबाईलवर जाहिरात दिसली, 'राजकोट, थेट कारखान्यातून', ३६५ रुपये जोड, किमान ६० जोड. उरलेले पुढच्या कामाला लागतील, असा हिशोब केला. राजकोटचा माल मी वर्षानुवर्षं वापरलाय, चांगला असतो. म्हणूनच त्या गावाचं नाव वाचून डोळे मिटले.

सॅम्पल मागवायचं होतं, असं म्हणणाऱ्यांनी जरा थांबा. मागवलं होतं. जोड आला तो १ किलो ४०० ग्रॅमचा, शेजारच्या किराणावाल्याच्या काट्यावर मी स्वतः ठेवला आणि वहीत लिहिला. जाडी मोजायचा व्हर्नियर लावला, पत्रा १.२ मिमी. ड्रॉवरला बसवून आत कुकर, कढया भरल्या आणि जोरात ढकललं. शेवटच्या दोन इंचांत अलगद आत गेला. माझा कारागीर म्हणाला, "भारी शे भो." सॅम्पल एक आणि माल दुसरा ही चाल मला काय माहीत नव्हती? होती. पण आपल्यावर कोणी करील, असं वाटत नाही ना.

६० जोडांचे २१,९००, त्यावर १८ टक्के जीएसटी ३,९४२, एकूण २५,८४२. निम्मे ऑर्डरला, निम्मे माल निघायच्या आधी. यूपीआय करताना फर्मच्या जागी कुण्या बाईचं नाव आलं. खटकलं. पण बिल एकाच्या नावावर आणि पैसे बायकोच्या खात्यात हे आपल्याकडे अर्धा बाजार करतो, मीही केलंय. मग कोणत्या तोंडाने विचारू? बिलावरचा जीएसटी नंबर ०७ ने सुरू होत होता. ०७ म्हणजे दिल्ली. गुजरातचा २४, आपला २७. हे मला नंतर भाच्याने दाखवलं, जो अजून बारावीत आहे. नंबर सरकारी साइटवर टाकला की फर्मचं नाव-पत्ता दिसतो, फुकट. टाकत जा.

आता ती गोष्ट, जी आठवली की अजून झोप उडते.

माल ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनला आला, भाडं आम्ही भरायचं. मी नऊशे धरून गेलो होतो, मागितले ६४०. बिल्टीवर, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीवर, लिहिलेलं: ६ नग, ५७ किलो. हमालाने दोन खोकी एकावर एक ठेवून उचलली आणि म्हणाला, "हलकं शे दादा." मी काय म्हणालो? "बरं हाये ना मग, तुझ्या कमरेले आराम." साठ जोड गुणिले एक किलो चारशे, ८४ किलो. खोक्यांचं वजन धरलंच नाही अजून. सॅम्पलचं वजन माझ्याच अक्षरात, बिल्टी माझ्याच खिशात, आणि २७ किलो लोखंड गायब. पाचवीच्या पोराने केला असता हा गुणाकार. मी अडीचशे वाचले म्हणून वाटेत थांबून रस प्यायलो.

खोकं गोडाऊनमध्येच फोडा. भाडं भरल्याशिवाय फोडू देत नाहीत, ठीक, भरा. पण तिथेच फोडा आणि व्हिडिओ काढा.

ड्रॉवर आम्ही चॅनलसाठी दोन्ही बाजूंना चार-चार सूत (अर्धा-अर्धा इंच) सोडून आधीच तयार केले होते. घाईत चौतीसच्या चौतीस बसवले. बंद करताना ठाप ठाप आवाज. विकणाऱ्याला फोन लावला तर म्हणतो, "तुमच्या खान्देशात ऊन फार, डॅम्परमधलं तेल पातळ होतं." डॅम्पर म्हणजे ड्रॉवरचा वेग मारणारी छोटी डबी. आणि मला त्याचं म्हणणं पटलं! बाहेर ४४ डिग्री, आणि उन्हाने तेल पातळ होतं हे खोटं नाही. फक्त त्यासाठी आत तेल असावं लागतं. चौथ्या दिवशी घरच्या ताईंनी ताटांचा ड्रॉवर ओढला आणि चॅनल वाकलं, छर्रे फरशीवर टणटण उड्या मारत पार देवघरापर्यंत गेले. पाहुणे बसलेले होते. मी गुडघ्यावर बसून छर्रे वेचले.

घरी आणून स्क्रू ड्रायव्हरने उघडलं. पत्रा ०.८. छर्रे धरणारी पट्टी प्लास्टिकची. डॅम्परच्या पांढऱ्या डबीत नुसती स्प्रिंग, जी ड्रॉवर आत खेचते. वेग मारणारं काहीच नाही. '४५ किलो' वजन पेलण्याचा छाप मात्र ठळक. त्या संध्याकाळपासून त्याचा फोन बंद.

ठाण्यात गेलो. "माल मिळाला ना? मग फसवणूक कसली? हा दिवाणी मामला, वकील बघा." १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला, तक्रार नोंदवली, तिथूनही फिरून तेच, वस्तू आली आहे. बँकेत गेलो तर, पैसे तुम्हीच पाठवले. ट्रान्सपोर्टवाला म्हणे, आम्ही वजन बरोबर लिहिलं होतं (हे मात्र खरं, मेल्याने बरोबर लिहिलं होतं). पुन्हा ठाण्यात. साहेब बंदोबस्ताला. पुन्हा गेलो, साहेब कोर्टात. तिसऱ्यांदा साहेब भेटले आणि विचारतात, "बावीस वर्षं धंदा करता, तुम्हाला कळलं नाही?" अहो, कळलं असतं तर तुमच्या दारात कशाला उभा राहिलो असतो? साधा अर्ज घेतला, पोच मागितली तर उद्या या.

ग्राहक आयोगात चौकशी केली, तर खिडकीवरचा म्हणतो धंद्यासाठी घेतलं, तुम्ही ग्राहकच नाही. घरी निघालो होतो. नशीब, ओळखीचे वकील भेटले. २०१९ च्या कायद्यातच लिहिलंय की स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी कारणात धरत नाहीत. पाच लाखांपर्यंत फीही नाही, मुदत दोन वर्षं. खिडकीवर बसणाऱ्याला हे माहीत नसावं? आता अर्ज टाकलाय. नोटीस बिलावरच्या पत्त्यावर गेली आणि परत आली.

हिशोब: माल २५,८४२, भाडं ६४०, दोन माणसं तीन दिवस उखडून पुन्हा बसवायला ५,४००, मालकांनी कापले ८,०००. नवीन चॅनल आमच्या दुकानातूनच घेतले, ते पैसे धरत नाही, कसेही लागलेच असते. दुकानदार काही बोलला नाही. प्रत्येक जोड काट्यावर ठेवून दाखवला, तेवढंच.

पुराव्यासाठी चार जोड सील करून ठेवलेत. बाकीचे ५६ परवा भंगारवाल्याला दिले. त्याने चॅनल उघडून पाहिलं नाही, छाप वाचला नाही, सरळ काट्यावर टाकलं. साडेएकावन्न किलो, ३० रुपये भावाने १,५४५.