पिकअपच्या टायरमधील हवा: स्वतःचा गेज आणि कंप्रेसर आठ महिने वापरल्यानंतर

गेल्या वर्षी मे महिन्यात पिंपळगाव बसवंतहून वाशीला कांदा घेऊन जाताना, कसारा घाट उतरल्यावर माझ्या पिकअपचा मागचा डावा टायर फुटला. त्याच सकाळी पंक्चरच्या दुकानात ६५ पाउंड हवा (म्हणजे दर चौरस इंचाला ६५ पाउंड दाब) भरून घेतली होती, म्हणून दोष टायरचाच असे मी धरून चाललो. जूनमध्ये नवे टायर बसवले आणि सोबत एक डिजिटल गेज व बॅटरीला चिमटे लावून चालणारा छोटा कंप्रेसर घेतला. पहिल्याच आठवड्यात लक्षात आले की त्या दुकानाच्या मीटरवर ६५ दिसत असताना माझा गेज ५७ दाखवतो. टायर विक्रेत्याकडील गेजशी माझा गेज ताडून पाहिला, तेव्हा दोहोंत जेमतेम एका पाउंडाचा फरक निघाला.

आठ पाउंडांची किंमत मला वजनकाट्यावर कळली. २६ गोण्या, म्हणजे १३०० किलो माल भरून आधी पूर्ण गाडीचे आणि मग फक्त मागची चाके काट्यावर ठेवून वजन घेतले. एकूण ३००० किलो आणि त्यातले मागे १९६०, म्हणजे मागच्या प्रत्येक टायरवर ९८० किलो. माझ्या टायरवर १०८ हा भारांक छापलेला आहे, म्हणजे त्याची कमाल क्षमता १००० किलो. पण ती टायरवर दिलेल्या पूर्ण दाबालाच मिळते आणि हवा कमी झाली की क्षमताही उतरते. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त दबतो, त्याची बाजू सतत वाकत राहते, त्यातून उष्णता साठते आणि आतले थर सुटू लागतात. माझा टायर असाच गेला, याबद्दल आता माझ्या मनात शंका नाही. आणखी दोन गोण्या टाकण्याचा आग्रह नेहमी होतो, पण तेवढ्यानेच मागचा टायर मर्यादेबाहेर जातो आणि जास्त हवा भरून ही मर्यादा वाढत नाही, म्हणून मी स्पष्ट नकार देतो.

दरवाजाजवळच्या पट्टीवर माझ्या गाडीसाठी भरलेल्या अवस्थेत पुढे ४५ आणि मागे ६५, तर रिकाम्या अवस्थेत मागे ४५ असे दिलेले आहे. आपल्या गाडीची पट्टी पाहूनच आकडे ठरवावेत, कारण ते प्रत्येक गाडीचे वेगळे असतात.

हे आकडे थंड टायरचे आहेत, आणि सर्वांत जास्त चुका इथेच होतात. पहाटे ६५ भरून निघालेला मागचा टायर घाटाखाली ७३-७४ दाखवतो. सुरुवातीला मी घाबरून हवा सोडली आणि दुसऱ्या सकाळी तोच टायर ५७ वर आलेला दिसला. तापमान दहा अंशांनी बदलले की या दाबाला सुमारे अडीच पाउंडांचा फरक पडतो, त्यामुळे डिसेंबरातल्या नाशिककडच्या थंडीत मला दर आठवड्याला थोडी हवा भरावी लागली. वाशीहून रिकामे परतताना मागचा भाग उसळतो, तरीही गरम टायरची हवा मी आता सोडत नाही. वेग कमी ठेवतो आणि दुसऱ्या दिवशीही माल नसेल तर सकाळी ४५ वर आणतो.

कंप्रेसरबद्दल माझी तक्रार आहे. एक टायर ४५ वरून ६५ वर न्यायला त्याला दहा मिनिटांहून अधिक लागतात आणि दोन टायर झाले की तो इतका तापतो की थांबावेच लागते. रोज माल वाहणाऱ्याने याहून मोठा घ्यावा. गेज मात्र आठ महिन्यांत एकदाही चुकलेला नाही. नवे टायर आजवर मध्यभागी आणि कडांना सारखेच झिजले आहेत; जुन्यांच्या दोन्ही कडा घासून गुळगुळीत झाल्या होत्या.

स्टेपनीकडे मात्र माझे दुर्लक्ष झाले. जानेवारीत खिळा लागल्यावर ती काढली, तर तिच्यात ३८ पाउंडच हवा होती आणि भरलेल्या गाडीला रस्त्याच्या कडेला तासभर थांबावे लागले. तेव्हापासून तिच्यात कायम ६५ ठेवतो, कारण पुढच्या चाकाला लावायची वेळ आली तर जास्तीची हवा लगेच सोडता येते.