‘शामाद’ घ्यावे की ‘नंबर १९’?

फुलांना कच्च्या पाल्याची जोड असलेल्या ‘हिरव्या’ गंधाचे परफ्यूम घ्यायचे ठरले की गेर्लां आणि शॅनेल या फ्रेंच कंपन्यांची अनुक्रमे ‘शामाद’ (१९६९) आणि ‘नंबर १९’ (१९७०) ही दोन जुनी नावे हमखास पुढे येतात. पहिले झां-पॉल गेर्लां यांनी रचले, दुसरे आंरी रोबेर यांनी. ‘१९’ हा आकडा शॅनेलच्या संस्थापक कोको शॅनेल यांच्या १९ ऑगस्ट या जन्मतारखेचा आहे. दोन्हींची सुरुवात गॅल्बनमने होते आणि म्हणूनच दुकानात कागदी पट्टी घाईघाईने हुंगून निर्णय घेणाऱ्याची फसगत होते.

गॅल्बनम हा मुख्यत्वे इराणातून येणारा डिंक. ज्या फेरुला प्रजातीतून हिंग मिळतो, तिच्यातल्याच दुसऱ्या एका झाडाचा हा चीक. मात्र त्याचा वास नुकत्याच चिरलेल्या ढोबळ्या मिरचीसारखा कच्चा, कडवट आणि बोचरा असतो.

‘नंबर १९’ हा कडवटपणा सहसा सोडत नाही. त्याला जोड मिळते ती आयरिसची, आणि तीही फुलाची नव्हे तर कंदाची. हे कंद खणल्यावर वर्षानुवर्षे वाळवून मुरवावे लागतात, कारण त्यांना गंध देणारी आयरोन नावाची संयुगे त्या मुरण्यातच तयार होतात; त्यामुळे हा घटक अतिशय महाग पडतो. त्यातून येणारा थंड, पावडरीसारखा कोरडेपणा आणि तळाशी असलेला वाळा व चामड्याचा गंध यांमुळे हे परफ्यूम शेवटपर्यंत अंतर राखून वागते. काहींना ते तुसडे वाटते. मला त्याचा हाच गुण वाटतो.

‘शामाद’ मात्र वाटेत पूर्ण बदलते. हायसिंथ आणि काळ्या करंटच्या कळ्यांचा टवटवीतपणा ओसरला की गुलाब, जाई आणि यलांग-यलांग वर येतात, आणि काही तासांनी त्वचेवर उरते ती व्हॅनिला व बेंझॉइन या सुगंधी राळेची ऊबदार गोडी. हिरवेपणासाठीच परफ्यूम घेणाऱ्याला हा शेवट पटेलच असे नाही. शिवाय मुंबई-कोकणच्या दमट उकाड्यात ही गोडी जड होते. पुण्या-नाशिकच्या हिवाळ्यात, संध्याकाळच्या समारंभाला मात्र ती खुलून दिसते.

तेव्हा रोज कार्यालयात वापरायचे असेल आणि गोड वास नकोसा वाटत असेल, तर निःसंकोच ‘नंबर १९’ घ्यावे. एकाच कुपीत सकाळ आणि संध्याकाळ दोन्ही हवे असतील, तर ‘शामाद’ घ्यावे. दोन्ही मनगटांवर एकेक फवारून दुपारपर्यंत थांबावे आणि मगच पैसे मोजावेत.

‘नंबर १९’ घेताना डबा नीट वाचावा. ओ द त्वालेत (अर्काचे प्रमाण कमी असलेला प्रकार) अधिक हिरवे आणि धारदार आहे, तर ओ द पार्फ्यूम (अर्काचे प्रमाण जास्त असलेला) थोडे गोलाईचे. ‘पूद्रे’ लिहिलेले असेल, तर ते २०११ साली आलेले वेगळे परफ्यूम आहे. त्यात पावडर आणि कस्तुरीचा मऊपणा पुढे असून गॅल्बनमची धार बरीच बोथट केलेली आहे.