शॉकअपच्या वरच्या नटासाठी पोकळ सॉकेटचा संच: चार महिन्यांच्या वापरानंतर

गाडीच्या शॉकअपचे वरचे माउंटिंग, म्हणजे त्याचे वरचे टोक गाडीला जोडणारा भाग, आवळण्यासाठी पोकळ सॉकेटचा (नटावर चढणाऱ्या, आरपार भोक असलेल्या वाट्यांचा) एक संच मी चार महिन्यांपूर्वी घेतला आणि आतापर्यंत तीन गाड्यांवर वापरला. संचात 17, 18, 19, 21 आणि 22 मिलिमीटरचे पाच पोकळ सॉकेट, आरपार भोक असलेला एक रॅचेट (सॉकेट फिरवायचा दांडा) आणि 5, 6, 7 व 8 मिलिमीटरच्या चार लांब अ‍ॅलन की (षट्कोनी सळया) आहेत. एवढ्या एका कामासाठी स्वतंत्र हत्यार घ्यावे का, असा प्रश्न मलाही पडला होता. हे काम साध्या पान्याने का होत नाही हे समजल्याशिवाय त्याचे उत्तर मिळत नाही, म्हणून आधी ज्या आवाजासाठी मी हा संच घेतला त्याविषयी लिहितो.

डाव्या बाजूच्या पुढच्या चाकाकडून, गाडी ताशी वीसेक किलोमीटरने बारीक खडबडीत रस्त्यावर चालली की टकटक असा कोरडा आवाज येत असे. गुळगुळीत रस्त्यावर काहीच ऐकू येत नसे आणि मोठ्या खड्ड्यात एकच ठोका बसे. एका गॅरेजमध्ये गाडी न उचलताच पुढचे दोन्ही शॉकअप गेले आहेत, असे मला सांगण्यात आले. हे निदान मला पटले नाही, कारण शॉकअपच्या अंगावर तेलाचा ओघळ नव्हता आणि मडगार्ड दाबून सोडल्यावर गाडी एकदाच वर येऊन स्थिर होत होती. ही दाबून पाहण्याची चाचणी पूर्ण निकामी झालेला शॉकअपच दाखवते, त्यामुळे तेवढ्यावर मी विसंबलो नाही. वळणावर गाडी कलू न देणाऱ्या स्टॅबिलायझर बारला जोडणाऱ्या लिंक रॉडचा आवाजही हुबेहूब असाच असतो, म्हणून एका बाजूची लिंक सोडवून आणि ती कशाला आपटणार नाही अशी बांधून मी गाडी अगदी सावकाश चालवून पाहिली. आवाज तसाच राहिला. मग बोनेट उघडून माउंटिंगवरची रबरी टोपी काढली, मधल्या नटावर दोन बोटे ठेवली आणि भावाला गाडी हलवायला सांगितले. प्रत्येक हेलकाव्याबरोबर बोटांच्या टोकांना एक बारीक ठोका जाणवला, आणि दोष कुठे आहे याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही.

आजच्या बहुतेक लहान गाड्यांच्या पुढच्या बाजूला अर्ल मॅकफर्सन यांच्या नावाने ओळखली जाणारी रचना असते, जी 1950 सालच्या फोर्ड कॉन्सलमध्येही होती. तिच्यात शॉकअप, स्प्रिंग आणि वरचे माउंटिंग असा एकच खांब बनतो. शॉकअपचा रॉड माउंटिंगच्या मधल्या धातूच्या भागातून वर येतो आणि त्यावर बसवलेला नट त्या भागाला रॉडच्या खांद्यावर, म्हणजे रॉड जिथे जाड होतो त्या कडेवर, घट्ट दाबून धरतो. हा नट किंचित जरी सैल झाला, तरी चाक खाली जाताना रॉड खाली खेचला जातो, चाक वर येताना तो पुन्हा वर ढकलला जातो, आणि त्या केसभर मोकळीकीत धातू धातूवर आपटत राहतो. बाकी सगळे भाग चांगले असूनही गाडी पार खिळखिळी झाल्यासारखी वाजते, ती यामुळे.

हा नट आवळताना अडचण अशी की शॉकअपचा रॉड आत स्वतःभोवती मोकळा फिरू शकतो. नट फिरवला की त्याच्याबरोबर रॉडही फिरतो, आणि म्हणून रॉडच्या टोकाला अ‍ॅलन की घालून तो धरून ठेवावा लागतो. साधा सॉकेट चढवला की अ‍ॅलन की घालायला जागाच उरत नाही. रिंग पाना चालला असता, पण माझ्या गाडीत नट एका खोल वाटीत बसलेला आहे आणि पाना तिथवर पोहोचत नाही. पुष्कळ ठिकाणी इम्पॅक्ट गनचा (झटके देत नट वेगाने फिरवणाऱ्या यंत्राचा) मार्ग वापरतात. त्यात रॉड नटाबरोबर गरगर फिरतो, शॉकअपचे आतले सील खराब होण्याचा धोका असतो, आणि नट बसला की नुसता रॉडच फिरला हे हाताला कळत नाही. माझा अंदाज आहे की माझ्या गाडीचा नट आधीच्या एखाद्या कामात असाच अर्धवट राहिला असावा.

पोकळ सॉकेटने ही अडचण पूर्णपणे दूर केली. उजव्या हातात रॅचेट, डाव्या हातात सॉकेटच्या भोकातून खाली गेलेली 6 मिलिमीटरची की, आणि गाडी चारही चाकांवर जमिनीवर उभी, अशा स्थितीत मी नट आवळायला घेतला. सुरुवातीला तो जवळजवळ विनाविरोध फिरला. साधारण पाऊण फेरा झाल्यावर डाव्या हातातल्या कीवर एकदम जोर आला, म्हणजे नट खांद्यावर टेकला होता. हा क्षण हाताला इतका स्पष्ट कळतो की केवळ त्यासाठी हा संच मला मोलाचा वाटतो. दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने गाडी चालवली आणि टकटक पूर्ण थांबलेली होती.

संचाची मोठी उणीव मात्र इथूनच सुरू होते. रॅचेट आरपार पोकळ असल्यामुळे त्याला नेहमीचा टॉर्क रेंच (नट किती जोराने आवळला हे मोजणारा पाना) जोडता येत नाही, आणि हा नट अंदाजाने आवळून सोडण्यासारखा नाही. सॉकेटच्या बाहेरच्या अंगाला षट्कोनी पैलू दिलेले आहेत, त्यामुळे मी वेगळा घेतलेला क्रोफूट पाना (दांड्याशिवायचे, रेंचला जोडायचे पान्याचे डोके) त्यावर बसवून टॉर्क रेंच वापरला. क्रोफूट रेंचच्या दांड्याशी काटकोनात ठेवला तर रेंचवरचा आकडा जसाच्या तसा लागू पडतो. तो सरळ रेषेत ठेवला तर तरफेची लांबी वाढते, आणि 400 मिलिमीटरच्या रेंचला 40 मिलिमीटरची भर पडल्यास 50 न्यूटन-मीटरच्या (न्यूटन-मीटर हे आवळण्याच्या जोराचे एकक) जागी प्रत्यक्षात 55 लागतात. माझ्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये या नटासाठी 50 न्यूटन-मीटर दिले आहेत. प्रत्येक गाडीचा आकडा निराळा असतो आणि तो ज्याच्या त्याच्या मॅन्युअलमधूनच घ्यावा. संचासोबतच्या पत्रकात टॉर्कविषयी एक ओळही नाही.

त्याहून गंभीर बाब म्हणजे त्या पत्रकात स्प्रिंगविषयीही इशारा नाही. हा मधला नट दाबलेल्या स्प्रिंगला धरून ठेवणारा असतो, आणि स्प्रिंग कम्प्रेसर (स्प्रिंग दाबून धरणारे साधन) न लावता तो पूर्ण काढला तर सुटलेली स्प्रिंग माणसाचा जीव घेऊ शकते. आवळताना हा धोका नसतो, पण हेच हत्यार नट सोडवायलाही तितक्याच सहजपणे चालते. म्हणून विकणाऱ्याने ही सूचना खोक्यावर ठळक अक्षरांत छापायला हवी, असे माझे ठाम मत आहे.

बाकीच्या तक्रारी लहान आहेत. 6 मिलिमीटरच्या कीच्या कडा तिसऱ्या वापरातच झिजल्या आणि मला तिच्या जागी चांगल्या पोलादाची की घ्यावी लागली. रॅचेटचे डोके जाड आहे, त्यामुळे ज्या गाडीत नट वायपरखालच्या प्लॅस्टिकच्या आवरणाखाली दडलेला असतो, तिथे ते आवरण काढल्याशिवाय काम होत नाही. सॉकेटवरचे आकडे पुसट आहेत. मागच्या शॉकअपच्या रॉडला अनेकदा अ‍ॅलनच्या भोकाऐवजी दोन चपट्या बाजू असतात आणि त्या धरणारा तुकडा संचात नाही, म्हणून डिकीतले अस्तर काढून मागचे माउंटिंग आवळायला बसलो तेव्हा मला लहान पान्याचीच मदत घ्यावी लागली. तिथे वॉशरमधले रबर चेपून फुगेपर्यंत आवळण्याचा मोह टाळावा, कारण चिरडलेले रबर काही दिवसांतच पुन्हा वाजू लागते. शॉकअपच्या खालच्या बोल्टला या संचाची गरज नाही. तो बोल्टही गाडीचे वजन चाकांवर असतानाच आवळायचा असतो, नाहीतर बुशचे (बोल्टभोवतीच्या रबरी नळीचे) रबर पिळलेल्या स्थितीत अडकून लवकर फाटते.

तिसरी गाडी शेजाऱ्यांची होती. तिचा नट मी आवळला, पण तो आधीपासूनच घट्ट होता आणि आवाजात काहीही फरक पडला नाही. नंतर चाकाच्या वरच्या पोकळीतून स्प्रिंगला हात लावून त्यांना स्टिअरिंग हळूहळू वळवायला सांगितले, तेव्हा स्प्रिंग अडकून अडकून झटक्याने सुटत असल्याचे तळहाताला जाणवले, म्हणजे वरच्या माउंटिंगमधले बेअरिंग गेले होते. ते बदलण्यासाठी खांब बाहेर काढून स्प्रिंग दाबावी लागते. ते या संचाचे काम नाही, आणि मी ते हातात न घेता त्यांना स्प्रिंग कम्प्रेसर असलेल्या वर्कशॉपमध्ये गाडी नेण्यास सांगितले.

माझ्या गाडीच्या नटावर आणि शेजारच्या धातूवर मी आवळल्याच्या दिवशी पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवली होती. 3000 किलोमीटरनंतर टोपी काढून पाहिली, तेव्हा ती रेघ सलग होती.